अध्यक्षांची बाही

ता. ४ डिसेंबर
चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

पोराचा खोकला गेला का? इकडे मी भलत्याच पेचात सापडलेय. अध्यक्षपदाच्या मतपत्रिकेवर उमेदवार वकीलसाहेबांच्या नावाखाली बारीक अक्षरांत प्रांताच्या प्रतिनिधींची नावं होती, त्यात माझंही होतं. साहेब इथे जिंकले, पण अध्यक्ष ठरणार तो येत्या सोमवारी आम्ही प्रतिनिधी मतं देऊ तेव्हा. देशभरात सामना इतका अटीतटीचा झालाय, की मी एकटी फिरले तरी त्यांच्या विरोधातल्या डॉक्टरीणबाई अध्यक्ष होतील! कायदा मला अडवत नाही.

आणि मला फिरायचंय रे. साहेबांचा शपथविधीचा कोट आपल्याच दुकानात शिवायला आहे. काल घालून बघताना टाचणी टोचली, तर काजं-बटणं करणाऱ्या मावशींवर असे खेकसले, की त्या बिचाऱ्या रडल्याच. हा माणूस देश काय सांभाळणार, डोंबल!

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

ता. ७ डिसेंबर
ती. ताईस सा. न. वि. वि.

खोकला गेला, पण तुझं पत्र वाचून मला ठसका लागला. मतदानाला बस डेपोत लावून कडाक्याच्या थंडीत रांगेत उभा राहिलो, आपण अध्यक्ष निवडला म्हणून घरी ऐटीत चहा मागितला. आणि निवडणार कोण, तर आमची ताई! बायको अजून हसतेय.

माझं मत डॉक्टरीणबाईंना होतं, ते इथे वाया गेलं. तू फिरलीस तर माझं भलंच आहे. तरी फिरू नकोस. माझ्या लग्नाचा कोट आठव. मी साधा सांगितला होता, तू स्वतःच्या मनाने मखमली कॉलर लावलीस. पाहुणे मला वाजंत्रीवाला समजून गाणी सांगत होते! कापड गिऱ्हाइकाचं असतं, ताई. लोकांनी माप चुकीचं दिलं असेल, पण दिलंय. ते तू बदललंस तर पुढच्या वेळी मी कशाला रांगेत उभा राहू?

रागावलीस तरी लोभ ठेव.
तुझा धाकटा

ता. १२ डिसेंबर
चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझ्याशी मनातल्या मनात खूप भांडले. मखमल छानच दिसत होती! पण काल वकीलसाहेबांचंच नाव लिहिलं. मत तुम्हा लोकांचं, ते पोचतं केलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आज साहेब कोट न्यायला आले. मी उजवी बाही उसवून कपाटात ठेवली होती. मत लोकांचं होतं, दुकान माझं आहे, मावशींची माफी मागा मग बाही लागेल, असं तोंडावर सांगितलं. साहेब लालबुंद झाले, धपकन खुर्चीत बसले. शेवटी उठून मावशींपाशी माफीचं काहीतरी पुटपुटले. मावशींनी नीट ऐकू आलं नाही म्हणून परत म्हणायला लावलं.

मग बाही मावशींनीच लावली. पोराला गोड पापा, आणि तुझाही लोभ असाच राहू दे.
तुझी ताई