शिवणीच्या देव्हाऱ्याचं पॉलिश

गगनबावडा, २ एप्रिल २०२५

चि. सौ. संयोगितास हंबीरदादाचे अनेक आशीर्वाद.

देव्हारा कोरून झाला, आज टेम्पोत घालून पाठवला. तुझ्या नव्या घराची वास्तुशांत अक्षय्यतृतीयेला, म्हणजे पॉलिशला वेळ आहे. शिवणीचं लाकूड आहे, ताकासारखं फिकट. रंग तसाच राहिला पाहिजे, एवढं एक ऐक. लाखेचं पॉलिश तांबूस मारतं, तेलाचं व्हार्निश पिवळं पडतं. सोबत उरलेली फळी दिलीय, आधी तिच्यावर लावून बघ. आणि पॉलिश होईपर्यंत कोऱ्या लाकडाला कुणी हात लावायचा नाही, तू तर मुळीच नाही. लहानपणी भिंती रंगवायचीस ते विसरलो नाही.

फोनला रेंज नाही, पत्रच धाड. माया आहेच, ती कमी व्हायची नाही.

तुझा दादा

कोल्हापूर, १० एप्रिल

ती. दादांना संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

देव्हारा सुखरूप पोचला. वर्षभरात तुमचं अक्षर भलतंच वळणदार झालंय. शाळेत असं काढलं असतं तर मास्तरांचा मार वाचला असता.

अमरसिंह पॉलिशवाल्यानं फळीवर लाखेचं, तेलाचं आणि पाण्यातलं, तिन्ही लावून दाखवली. पाण्यातलं पॉलिश सुकल्यावर फळी जशीच्या तशी दिसली, तेच ठरवलं. रविवारी आम्ही जोतिबाला जाऊन येतो, सोमवारी तो काम धरेल.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची संयोगिता

कोल्हापूर, १६ एप्रिल

ती. दादांना सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. जोतिबाहून आले ती गुलालाच्या हातांनी थेट देव्हाऱ्यापाशी गेले. नव्या वस्तूला आधी गुलाल लावायचा, आईनं तेच शिकवलं. वाहून झाल्यावर तुमचं बोलणं आठवलं. घाबरून ओल्या फडक्यानं पुसलं. वरून पांढरं दिसलं, म्हणून लाजेनं अमरसिंहला काही बोलले नाही. त्यानं पॉलिशचा पहिला हात मारला आणि मुरलेला गुलाल सगळीकडं पसरला. आधी सांगायचं न्हाय व्हय वैनी, म्हणाला. घासून निघेल, पण तुम्ही कोरलेल्या मोरांची कोरणी बोथट होईल.

दादा, आणखी एक दिसलं. मोरांच्या पिसांत जिथं कोरताना पटाशी घसरलीय तिथं रंग गडद बसलाय, आणि अशा जागा खूप आहेत. तुमची पटाशी कधी घसरायची नाही. हात कापतो का तुमचा? दुकानातला नको, दादांच्याच हातचा हवा, असा हट्ट मी धरला आणि तब्येत एकदाही विचारली नाही. गुलालापेक्षा हे जास्त टोचतंय.

घासू का, कळवा. रागवा, पण लिहा.

तुमची अपराधी संयोगिता

गगनबावडा, २३ एप्रिल

चि. संयोगितास आशीर्वाद.

रागावलो होतो, खोटं कशाला सांगू. सूनबाई प्रियदर्शनी म्हणाली, मामंजी, देव जोतिबा म्हटल्यावर गुलाल आज ना उद्या लागणारच की. घासू नकोस. वरून आणखी एक हात मारून घे.

हात वर्षभर कापतोय. तुझ्या घरात माझं शेवटचं काम असावं म्हणून बोललो नाही. लाख काय, तेल काय, चुकलेल्या जागी जाऊन बसतं आणि चूक दाखवतं. फिकटच ठेव म्हणालो ते त्यासाठी. लपवालपवी आधी मी केली, तू नंतर. तेव्हा रडत बसू नकोस.

वर्षभराची पत्रं प्रियदर्शनीच्या अक्षरात होती. हे मी लिहिलंय, सकाळपासून बसून. वाचता आलं तर कळव, वास्तुशांतीला येतो.

तुझा दादा