अंगठीचं चित्र

कुकटपल्ली, शुक्रवार

आत्या,

'प्रिय' लिहायला आज हात नक्को म्हणतोय.

मला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून मोबाइलवरच्या त्या जहागिरीच्या चित्रकथेचा नवा भाग दर शुक्रवारी तू वाचून दाखवायचीस. त्यातली नायिका रेवा मागणी घालणाऱ्याची अंगठी घेते, असं तूच वाचलंस. ती रडत होती, तर "आनंदाश्रू आहेत गं" म्हणालीस. तिचं बघून मीही तुझ्या दिराच्या मुलाला लग्नासाठी हौ म्हटलं.

आज, गुपचूप शिकलेली अक्षरं जुळवत, तो भाग मी स्वतः वाचला. रेवा अंगठी परत करतेय! खाली शेकडो वाचक तिला शाबास म्हणतायत. तुला शरम कशी वाटली नाही?

हे पत्र पाठवत नाही. रविवारी लग्नाची तारीख काढायला मंडळी येतील, तेव्हा मी बोटातली अंगठी काढून त्याच्यापुढे धरेन. हुबेहूब तेच चित्र. मग वाच की सगळ्यांसमोर, मोठ्याने.

आता वाचता येणारी,
शिवानी