नुसतं ‘बरं’ म्हणायचं नाही

४ मार्च, मंगळवार
धाकट्या बहिणीला आज दवाखान्यातून थेट माझ्याकडे आणलं. जीव द्यायचा हा तिचा दुसरा प्रयत्न. निघताना वॉर्डातली नर्स म्हणाली, “आजी, जपा हं, पहिले काही महिने धोक्याचे असतात.” आजी! मी हिची आजी? आणि धाकटी तशा अवस्थेतही फिसकन हसली. घरभेदी मेली!

५ मार्च
जेवली. अर्धंच. मी काही बोलले नाही. बक्षीस द्यायला हवं मला.

७ मार्च
मानसतज्ज्ञ बाईंकडे गेलो. बाई कसली, पोरगी! पोनीटेल बांधून बसलेली. धाकटीला फोटो दाखवले – नुसते डोळे. ना वर कपाळ, ना खाली नाक. म्हणे, या माणसाच्या मनात काय चाललंय ते ओळखा. धाकटीने सांगितलं, “हा माझ्यावर चिडलाय. ही मला कंटाळलीय. याला वाटतंय, मी कधी एकदा जाते.” फोटोतला माणूस! ओळख ना पाळख!

पोनीटेल म्हणाली, यांना प्रत्येक चेहऱ्यात स्वतःचं ओझंच दिसतं. त्यातूनच तो विचार पुन्हा डोकं वर काढतोय.

“त्यात काय कठीण आहे? द्या इकडे,” म्हटलं. मला सगळेच आगाऊ दिसले. पोनीटेलने निकाल सांगितला नाही, ओठ गच्च मिटून घेतले. तो चेहरा मात्र मला बरोब्बर ओळखता आला!

१० मार्च
आज भडका. धाकटीने विचारलं, “ताई, भांडी घासू?” मी म्हटलं, “बरं.” झालं! आत जाऊन रडत बसली. “तुझं ते ‘बरं’ म्हणजे, ‘आणखी किती दिवस राहणार आहेस?’”

अगं, बरं म्हणजे बरं! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर ‘बरं’ म्हणत आले, एक माणूस रडला नाही.

पोनीटेलला फोन लावला. तिने उलट मलाच सुनावलं. “तुमच्या चेहऱ्यावरूनही काही कळत नाही हो.” कळेल कसं? कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी चेहऱ्याला रोज इस्त्री केलीय! हसताना दात दिसले तरी कोपऱ्यात उभं करायच्या.

नवा हुकूम : मी नुसतं ‘बरं’ म्हणायचं नाही, पोटातलं सगळं ओठावर आणायचं. धाकटीने मनानेच ठरवायचं नाही, विचारायचं. आणि तसला विचार आला तर आधी सांगायचं. दोन्ही वेळा तिने कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता.

११ मार्च
“बरं – म्हणजे घास, माझी कंबर धरलीय, उपकार होतील.” घासली. कढईचा तळ काळा तो काळाच. “बरं – म्हणजे कढई वाईट, तू चांगली.” हसली!

१५ मार्च
लिफ्टवाला म्हणाला, उद्या दुरुस्त करतो. जिभेला खोड लागलीय ना! “बरं – म्हणजे मी संतापलेय, पण तुमच्यावर नाही, लिफ्टवर.” बघतच राहिला. “बाई, इतकं समजावून मला आजवर कुणी रागावलं नव्हतं.”

१९ मार्च
धाकटी दिवसभर खोलीत. मी आपली सारखी डोकावतेय – पांघरूण हवं? खिडकी लावू? शेवटी म्हणाली, “ताई, पहारा देतेस का गं?”
“बरं – म्हणजे हो.”
मला काय हौस आहे? गुडघे माझे कुरकुरतात, नखरे हिचे! संताप नुसता!

२२ मार्च, शनिवार
सकाळी मटार सोलत बसले होते. धाकटी दारात येऊन उभी राहिली. “ताई, ते पुन्हा डोक्यात येतंय. आधी सांगतेय.”
मटार गेले जमिनीवर. पोनीटेलला फोन केला. “लगेच घेऊन या. तोवर एकटं सोडू नका.” सोडतेय कशाला!
धाकटीला दवाखान्यात ठेवून घेतलंय. मीही इथेच, शेजारच्या खुर्चीत. खुर्ची भिकार आहे.

२३ मार्च
धाकटी सकाळपासून माझं तोंड न्याहाळतेय. “काय बघतेस?” खेकसलेच मी.
“ताई, तू चिडलेली नाहीयेस. तू घाबरलीयेस. मला आणलंस तेव्हापासून.”
“बरं,” म्हटलं. नुसतंच.
तिने अर्थ विचारला नाही. सरकून मला पलंगावर जागा करून दिली.