आईचा होकार

दाजी,

नमस्कार सवयीने केला, मनापासून नाही.

हे पत्र मी टाकणार नाही, तुम्ही सावध व्हाल. आईच्या नंबरवर अमर्याद कॉलचा महागडा प्लॅन चढवलात. मोबाइल कंपनीतलं तुमचं टार्गेट भरायला सासूच सापडली! पक्षाघातानंतर तिची वाचा गेली, आता ती कुठे तक्रार करणार, असंच ना? मी कामावरून फोन केला की ती बोटाने फोनवर टकटक करते. दोनदा म्हणजे हो, एकदा म्हणजे नाही.

मी ग्राहक आयोगात गेले. तुमच्या कंपनीने तिच्या संमतीचं रेकॉर्डिंग दाखल केलं. त्यात आई चक्क लाडात म्हणते, "हो हो, चालेल की!" स्वतःच्या लग्नात बायकांच्या नकला करून तुम्ही मांडव हसवला होतात, तोच हा आवाज. सगळ्यात जास्त आईच हसली होती.

ताई रडली, म्हणाली, घरातली गोष्ट आहे, मिटव. म्हणून काल आईला रेकॉर्डिंग ऐकवलं आणि विचारलं, "दाजींना सोडून द्यायचं का?"

तिने टेबलावर एकदाच बोट आपटलं. पेल्यातलं पाणी हिंदकळलं.

सोमवारी सुनावणीला भेटूच.

तुमची लाडकी मेहुणी