वेन्झेल स्टुडिओची निरवानिरव

मी, आर्डिस हॉफर, माहेरची वेन्झेल, वय चौऱ्याहत्तर, धंदा छायाचित्रकार, राहणार टॉलबर्ग, साउथ डकोटा, लिहून ठेवते की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. हात कापतो, पण तो सकाळचाच. या कागदावर सही करावी म्हणून मला कोणी धमकावलेलं नाही की गोंजारलेलं नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी रागात केलं होतं.

वकील श्री. पॅट्झर यांनी व्यवस्थापक म्हणून या मृत्युपत्राची अंमलबजावणी करावी. थोडक्यात लिहा, असं त्यांनी मला बजावलं आहे. त्यांना बारावीच्या फोटोच्या वेळीही अशीच घाई होती, म्हणून डोळे मिटलेले आले.

कलम १. मोठ्या रस्त्यावरची, पूर्वीच्या चपलांच्या दुकानाची इमारत, जिथे मी वेन्झेल स्टुडिओ चालवला, ती माझी नात ब्रिन हिला द्यावी. ती जनावरांची डॉक्टर आहे. तिने तिथे कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढला तरी माझी हरकत नाही. मात्र उत्तरेची खिडकी बुजवू नये. या गावातल्या तीन पिढ्यांनी शाळा सोडण्याआधी बारावीच्या फोटोसाठी त्या खिडकीशी मान वळवून घेतली आहे, आणि ते चेहरे अजून आज्यांच्या भिंतींवर लटकत आहेत.

कलम २. दिवे, स्टँड, दिव्यांवरच्या छत्र्या, तिन्ही स्टुलं आणि मागचे पडदे हायस्कूलच्या फोटोग्राफीच्या वर्गाला द्यावेत, आणि त्यासोबत पुढचा मजकूर वाचून दाखवावा.

मोठा दिवा चेहऱ्यासमोर लावू नये. समोरचा उजेड पोलिसांसाठी असतो. दिवा बाजूला आणि डोळ्यांच्या जरा वर, म्हणजे दोन्ही बुबुळांत एकेक पांढरा ठिपका येतो. तो नसेल तर जिवंत मूलही पेंढा भरल्यासारखं दिसतं. उभं राहताना वजन मागच्या पायावर, खांदे एकीकडे, चेहरा दुसरीकडे. हनुवटी आधी पुढे, मग खाली. आधीच खाली सांगितली तर पोर लाजल्यासारखं दिसतं. हात दिसायचे असतील तर कडेने दिसावेत, पंजा सपाट आला की तो चेहऱ्यापेक्षा मोठा वाटतो. शेतावरच्या पोरांचं कपाळ टोपीमुळे पांढरं असतं आणि त्याखालचा चेहरा भाजलेला. त्यांच्यासाठी दिवा जरा खाली घ्यावा, कपाळ सावलीत जाऊ द्यावं, आणि त्यावरून त्यांना चिडवू नये. कोणालाही ‘हस’ म्हणू नये. कुत्र्याचं नाव विचारावं.

कलम ३. रस्त्यापलीकडचे छायाचित्रकार श्री. वेन्डेल थर्न यांच्याबद्दल. ते पोरांना रेल्वेच्या रुळांवर बसवून मावळतीच्या उन्हात फोटो काढतात. एकदा कॅफेत सगळ्यांसमोर ते म्हणाले, ‘आर्डिसच्या फोटोत पोरं चर्चमध्ये पकडून आणल्यासारखी दिसतात.’ मी म्हटलं, ‘तुझ्या फोटोत त्यांची गाडी चुकलेली दिसते.’ तेव्हापासून आम्ही एकमेकांना हात करतो, बोलत नाही. साक्षीदाराला मिळकतीतून काही देऊ नये, असं पॅट्झर म्हणतात. म्हणून थर्न यांना मी साक्षीदार केलं आहे.

कलम ४. घर.

घर हॉफरांचं आहे. माझ्या नवऱ्याने, मर्लिनने, ते माझ्या नावावर केलं आणि मी त्यात पस्तीस वर्षं सुखात राहिले, पण स्वयंपाकघरातले निम्मे खिळे डोरिसने ठोकलेले आहेत. डोरिस ही मर्लिनची पहिली बायको. तेव्हा हे घर कोणाचं, हे नीट सांगायला हवं.

शहाऐंशीच्या सप्टेंबरात मर्लिन हॉफर आपल्या मुलीला घेऊन बारावीच्या फोटोसाठी स्टुडिओत आला. त्याचा दुधाचा गोठा होता. डोरिस त्याच वसंतात गेली होती. मुलगी ज्यानेल सतरा वर्षांची. तिने आईचा निळा ब्लाउज घातला होता आणि तो तिच्या खांद्यांवरून ओघळत होता. मी तो पाठीमागून कपड्यांच्या चिमट्यांनी आवळला. पुढून कळत नाही. आमच्या धंद्यात निम्मं काम पाठीमागेच असतं. पण ही मुलगी हसेना आणि रडेनाही. कुत्र्याचं नाव विचारलं तर म्हणाली, ‘मेला.’

मर्लिन कोपऱ्यात टोपी हातात फिरवत होता. त्याला काहीतरी काम द्यावं म्हणून मी त्याच्या हाती उजेड परतवायचा पांढरा तक्ता दिला आणि सावलीच्या बाजूला उभं केलं. त्याचे हात थरथरत होते, त्यामुळे पोरीच्या गालावरचा उजेडही थरथरायला लागला. काय होतंय ते बघायला ती वळली. बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तक्ता सोडता येत नसल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं. ती त्याच्याकडे बघत असताना मी बटण दाबलं. ओठांवर हसू नाही, कॅमेऱ्याकडे नजर नाही. शाळेच्या वार्षिक अंकाला तो फोटो चालला नाही, त्यांना दात हवे होते. मर्लिनने तो सगळ्यांत मोठ्या आकारात घेतला.

पुढे तो चौकट बदलायला आला. मग काच कशाने पुसायची ते विचारायला आला. मग एकदा सायीची बरणी घेऊन आला. त्याच्यापाशी विचारायला काही उरलं नव्हतं, तेव्हा मीच विचारलं.

लग्नाचं जेवण चर्चच्या तळघरात होतं. ज्यानेल तोवर सू फॉल्स शहरात नर्सचं शिकत होती. ती कॉफीचा कप घेऊन माझ्याजवळ आली आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, ‘मिस वेन्झेल, तुम्ही माझा फोटो काढलाच नाहीत. तुम्ही माझा बाप काढून नेलात.’

त्यानंतर ती दर नाताळला यायची, हातात पदार्थ घेऊन यायची, भांडी घासायची. पण मी तिला मिस वेन्झेलच. मला हॉफर आडनाव लागलं, माझे केस पांढरे झाले, तिचं लग्न होऊन ब्रिन झाली, तरी ‘जरा लोणी द्या, मिस वेन्झेल.’ जुन्या मृत्युपत्रात मी तिला फक्त लोण्याचा सुरा ठेवला होता.

ब्रिन बारावीला गेली त्या वर्षी मर्लिनला झटका आला. डावी बाजू गेली, तोंड ओघळलं. त्याने चर्चला जाणं सोडलं आणि न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकला. ब्रिनने जाहीर केलं की फोटो काढायचा तर आजोबांबरोबर, नाहीतर नाहीच. तो मान हलवून नाही म्हणाला. पोरगी हट्टात त्याच्यावरच गेली आहे. ती दारातल्या पायरीवर जाऊन बसली आणि जेवायला आत येईना. मी तिच्या आवडीचा जर्दाळूचा कुखेन केक खिडकीत ठेवला, तोही तिने बघितला नाही. शेवटी म्हाताराच नमला. जीभ जड झाली होती तरी ‘शर्ट’ एवढं स्पष्ट म्हणाला.

मी जेवणाच्या खोलीतच दिवा लावला. गेलेला गाल अंधारात ठेवायचा माझा बेत होता. मी काही सांगायच्या आत ज्यानेलने त्याच्या काखेत हात घालून त्याला खुर्चीत वळवलं, पाठीशी उशी सारली आणि निकामी हात मांडीवर असा ठेवला की बोटं नुसती झोपलेली वाटावीत. अगदी कडेने. मी दिवा सरकवला, तिने हनुवटी उचलली. मी ‘थोडी’ म्हणेपर्यंत ती थोडी पुढे आलेलीही होती. नर्सला माणूस कसा ठेवायचा ते कळतं आणि मलाही तेवढंच कळतं, पण इतक्या वर्षांत आम्हाला हे एकमेकींबद्दल माहीत नव्हतं.

मग ती थांबली आणि दिव्याकडे बघून म्हणाली, ‘गाल लपवू नकोस, आर्डिस. तोही बाबांचाच आहे.’

मिस नाही, तुम्ही नाही. मी खाली वाकून दिव्याचा स्क्रू उगाचच घट्ट केला आणि मग दिवा फिरवला. ब्रिनने आपला गाल त्या गालाला चिकटवला. मर्लिन अर्ध्या तोंडाने हसला. तो फोटो दिवाणखान्यात आहे आणि तो तिथून हलवू नये.

सबब सदर घर, त्यातील सामान, गोठा व भोवतालची जागा ज्यानेल हिला पूर्ण मालकीने द्यावी. हे देणं मी कोणाची भरपाई म्हणून देत नाही. ती माझी मुलगी आहे आणि घर मुलीला जातं, एवढंच. मर्लिनचा पुतण्या डॅरेल येता-जाता आमच्या छपराकडे बघत असतो. त्याने आता आपलं छप्पर बघावं. तेही गळतं.

कलम ५. बँकेतली शिल्लक दफनाचा खर्च भागवून गावच्या वाचनालयाला द्यावी. जुन्या निगेटिव्हच्या पेट्या तिथेच ठेवाव्यात, ज्याने त्याने येऊन आपला चेहरा घेऊन जावा.

कलम ६. देह.

डोरिस गेली तेव्हाच टेकडीवर हॉफरांच्या मेनोनाइट पंथाच्या दफनभूमीत दोघांचा एकच दगड बसवला होता. मर्लिनचं नाव त्यावर तेव्हापासून कोरलेलं होतं, साल तेवढं तो गेल्यावर, चार वर्षांपूर्वी घातलं. त्या दगडावर मला जागा नाही, हे मी लग्नाच्या दिवशीच धरून चालले होते, आणि माझ्या माहेरच्या लुथरन पंथाच्या दफनभूमीत आईच्या पायाशी मला ठेवावं असं या कलमाच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. फार तर थोडं.

मागच्या रविवारी ज्यानेलने मला गाडीत बसवलं. कुठे जायचंय ते सांगितलं नाही. टेकडीवर नेलं, हाताला धरून चालवलं. मर्लिनच्या दुसऱ्या बाजूला चार खुंट्या ठोकून दोरी बांधलेली होती. माझ्यासाठी ही जागा तिने वसंतातच घेऊन ठेवली होती, पण मला सांगायचा धीर तिला होत नव्हता. वारा होता. मी वाकून ती दोरी ताणून बघितली. मग विचारलं, ‘डोरिसचं काय?’

ती म्हणाली, ‘आईशी मी बोलून घेतलंय. तिचं म्हणणं, मध्ये बाबा आहेत, दोघींचं भांडण व्हायचं नाही.’

सबब माझा देह तिथेच ठेवावा. पहिला मसुदा मी फाडला आहे.

हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत त्यावर सही केली.

सही: आर्डिस वेन्झेल हॉफर

साक्षीदार: वेन्डेल थर्न, छायाचित्रकार, टॉलबर्ग
साक्षीदार: लोइस माउच, कॅफेच्या मालकीण, टॉलबर्ग

ठिकाण: टॉलबर्ग, साउथ डकोटा
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२३