खारा वारा बँडचे चौथे गाणे

मी, श्रीमती साधना शैलेंद्र सबनीस, वय ५८, शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी, मूळची पुण्याची, हल्ली मुक्काम अल रीम आयलंड, अबुधाबी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, म्हणून आजच लिहून ठेवते.

१. फ्लॅट आणि बँकेतील ठेवी माझी मुलगी ईश्वरी हिला मिळाव्यात. ती मेलबर्नला असते. ऑपरेशनचे कळवले तेव्हा म्हणाली, "मॉम, आय विल ट्राय टु कम." तिने फ्लॅट विकला तरी माझी हरकत नाही. बाल्कनीतला कढीपत्ता शेजारच्या आभाला द्यायचा होता, पण साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले. म्हणून कुंडी आजच तिच्या दारात नेऊन ठेवली आहे.

२. पुतण्या सुजीत यास माझ्या पतीचे मनगटी घड्याळ द्यावे. वाद्यांपैकी काहीही देऊ नये. शैलेंद्रच्या तेराव्याला माझ्या बँजोकडे बघून तो म्हणाला होता, "काकू, आता हे तुणतुणं कशाला?" तेव्हा मी उत्तर दिले नव्हते. ते येथे दिले आहे.

३. माझा बँजो हमदुल्ला परकार, राहणार रत्नागिरी, यांस द्यावा. कुरिअरने पाठवू नये. कोणीतरी हातात नेऊन द्यावा. त्यांना तो वाजवता येत नाही, तरी त्यांनाच द्यावा.

कारण लिहिणे भाग आहे. हमदुल्लाभाईंचे मुसफ्फात, इथल्या कारखान्यांच्या भागात, लोखंडी फाटकांचे वर्कशॉप होते. शैलेंद्र तिथे बाल्कनीची जाळी करायला टाकायला गेला आणि त्यांचे व्हायोलिन ऐकत बसला. त्यातून आमचा 'खारा वारा' झाला. शैलेंद्र गायचा आणि गिटार वाजवायचा. अमेरिकेतल्या डोंगरी लोकगीतांच्या धर्तीवर आम्ही मराठी गाणी रचत असू. कंपनी नाही, मॅनेजर नाही. गाणे झाले की इंटरनेटवर टाकायचे. सुट्टीला वर्कशॉपची यंत्रे बंद असत, तेव्हा तिथेच सराव.

शैलेंद्र गेल्यावर कोणी वाद्याला हात लावला नाही. पुढे माझ्याकडून चार गाणी लिहून झाली आणि मी गाडी काढून मुसफ्फाला गेले.

"भाभी, गाणार कोण?" हमदुल्लाभाईंनी विचारले.

"मी."

"तुम्ही तर कधी गायला नाहीत."

"कोणी कधी विचारलं नाही."

त्यांनी व्हायोलिन खांद्याला लावले आणि म्हणाले, "यल्ला, चला, सूर द्या."

गेल्या उन्हाळ्यात ते वर्कशॉप विकून कायमचे गावी गेले. त्यांच्या पत्नी शहनाझभाभींना आता चालवत नाही. विमानतळावर म्हणाले, "इन्शाल्ला, परत वाजवू." मीही हो म्हटले. तेव्हापासून बँड म्हणजे मी एकटी. सुट्टीच्या दिवशी हॉलमध्ये बसून माझ्या वाटणीचे तेवढे वाजवते.

४. चार गाण्यांपैकी तीन आम्ही टाकली. ऐकणारे मोजकेच. मस्कतहून एका अनोळखी बाईने लिहिले, "तुमचं गाणं लावून मी कपड्यांच्या घड्या घालते." मला तेवढे पुरले.

चौथे अजून टाकलेले नाही. त्याच्या दुसऱ्या कडव्याला, रेकॉर्डिंग चालू असताना, माझा आवाज फुटेना. हमदुल्लाभाई थांबले नाहीत. ते कडवे त्यांनी एकट्याने, अगदी हळू वाजवले. मिक्सिंग करणारा रुहान म्हणाला, "आंटी, इथे गॅप आहे. कट करू?" मी नको म्हटले. तो गॅप पुढेही कोणी कापू नये. गाण्याखाली शैलेंद्रसकट आम्हा तिघांचीही नावे असावीत.

मी बरी झाले तर ते मीच टाकीन. नाहीतर ईश्वरीने टाकावे, पण स्वतः शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय नाही. तिने माझा गाता आवाज अजून ऐकलेला नाही. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून हे मृत्युपत्र आभाने तिला वाचून दाखवावे. गाणे मात्र कोणी समजावून सांगू नये. ऐकलेले तिला कळते.

वरील मजकूर मी वाचून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष सह्या केल्या.

(सही) साधना शैलेंद्र सबनीस

साक्षीदार:
१. (सही) आभा टिपणीस, शेजारी
२. (सही) यहया मुकादम, शाळेतील सहकारी

अबुधाबी, १४ नोव्हेंबर २०२५