सिनेमातला फितूर

४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. मायन्यात लिहावा लागतो म्हणून लिहिला.

तुझ्या सिनेमाची संहिता वाचली. आपले नाना छापखान्यात सरकारविरोधी पत्रकं छापायचे, पकडले गेले, तुरुंगात गेले, इथवर खरं. पण त्यांच्यासोबत छपाईचे खिळे जुळवणाऱ्या शेजारच्या काकांना तू फितूर केलंस? काका चौकशीत अवाक्षर बोलले नाहीत आणि तुरुंगातच वारले. काकांचं नाव नानांनी सांगितलं, मार सहन न होऊन. शेवटच्या आजारात भिंतीकडे तोंड करून त्यांनीच मला सांगितलं. तू तेव्हा शूटिंगला होतास.

तो प्रसंग काढ. काकांची लेक आपल्याच गल्लीच्या टोकाला शिवणकाम करते, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न.

मला माहीत नव्हतं असं तुला का वाटलं? नानांचा जबाब मी सरकारी दप्तरातून मिळवून वाचला आहे. पण मोडलेला बाप बघायला कोण येणार? काकांचं नाव बदललं आहे, गल्लीबाहेर कुणी ओळखणार नाही. नानांची औषधपाण्याची उस्तवार तू केलीस, त्याबद्दल ऋणी आहे. म्हणून नाना तुझ्या एकटीचे होत नाहीत.

प्रसंग राहील. शुक्रवारी पहिला खेळ. गोंधळ घालायचा असेल तर येऊ नकोस.

लोभ ठेवायचा की नाही, ते तू बघ.

तुझा,
धाकटा

१४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद यावेळी राहू दे.

तुला ठाऊक होतं, हे वाचलं आणि तडक काकांच्या लेकीच्या दुकानात गेले. सगळं सांगून टाकलं. ती शर्टाला काजं करत होती, मान वर केली नाही. म्हणाली, हे तिच्या आईला पहिल्यापासून माहीत होतं. सुटल्यावर नाना आधी त्यांच्या दारात गेले, पायरीवर बसून सगळं बोलले. काकूंनी त्यांना घरात घेतलं नाही. पण लेकीला बजावलं, की हे बाहेर कुठे बोलायचं नाही. त्या दोन पोरांना शाळेत कुणी फितुराची पोरं म्हणायला नको.

ती दोन पोरं म्हणजे तू आणि मी.

चाळीस वर्षं त्या मायलेकींनी हे गिळलं, आणि तू त्यांच्याच माणसाच्या कपाळी ते लिहिलंस.

शुक्रवारी मी तिला घेऊन येते आहे. गोंधळ घालणार नाही. खेळ संपल्यावर तू चार शब्द बोलायला उभा राहशील, तेव्हा तिच्याकडे बघून बोल.

ताई